ताणाचं दूध

न्हाणीघरातला नळ तेजस्विनीने मुद्दामच पूर्ण सोडला होता. बादलीत पाणी धो धो पडायला लागलं, की बाहेर दुसरं काही ऐकू जात नाही. बेसिनवर वाकून तिने गाऊनची बटणं काढली आणि ओठ घट्ट मिटून दूध पिळायला सुरुवात केली. बारीक धारा बेसिनच्या कडेला लागत होत्या, ओघळून जाळीतून खाली जात होत्या. मनगटावरच्या घड्याळातलं वर्तुळ नारिंगी होतं. मघापासून ते हिरवं व्हायचं नावच घेत नव्हतं.

बाहेर रेवा रडत होती. आधी नुसती कुरकुर, मग हट्ट, आणि आता तो घोगरा, थकलेला सूर, जो ऐकला की तेजस्विनीची नजर मनगटाकडे जायची. घड्याळ आणखी नारिंगी झालेलं असायचं. ते तसं झालेलं दिसलं की तिचे हात आणखी घाईने चालायचे.

"तेजू! काय करू राहिली आत? लेकराचा घसा बसला! आंघोळीला गंगेवर गेली काय?" दारावर सासूबाईंची, कुसाबाईंची थाप पडली.

"आले आई. दोनच मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं म्हंजे सायखेड्याची येष्टी. येती म्हणती आन येत नाय."

तेजस्विनीने बेसिनवर तांब्याभर पाणी ओतलं, बोटाने जाळी साफ केली, पुन्हा पाणी ओतलं. वास राहिला नाही ना, म्हणून वाकून पाहिलंसुद्धा. मग चेहऱ्यावर पाणी मारून ती बाहेर आली, रेवाला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागली. एक डोळा लेकीवर, एक मनगटावर. वर्तुळ पिवळ्यावर यायला चांगलाच वेळ लागला. तोवर रेवा रडून रडून दमली होती. छातीशी धरल्यावर तिने चार घोट घेतले आणि पाचव्याला तिचे डोळे मिटले.

"झालं? एवढ्यात?" कुसाबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं.

"झोपली."

 कुसाबाईंनी मेथीच्या काड्या जरा जोरात मोडल्या.

रेवाला चौथा महिना लागला होता. बाळंतपण वणीला माहेरी झालं. तिथून सासरी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आली तेव्हा पोरीच्या मनगटांना वळ्या होत्या, मांड्या हाताच्या मुठीत मावत नव्हत्या. इथे आल्यावर बाळसं उतरत गेलं. मागच्या वेळी डॉक्टर साधना मॅडमनी वजनकाट्यावर ठेवलं, आलेखातल्या वर चढत गेलेल्या ठिपक्यांपुढे एक ठिपका दिला आणि तो मागच्याच्या जवळपास शेजारीच बसला. "पुढच्या वेळेपर्यंत वजन हललं पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. "नाहीतर वरचं दूध सुरू करू, आणि रक्त-लघवी तपासावी लागेल. कदाचित दोन दिवस ॲडमिटही करावं लागेल." ती पुढची वेळ आजच संध्याकाळची होती.

एवढ्याशा पोरीच्या हातात सुई खुपसलेली तेजस्विनीला दिवसभर डोळ्यांपुढे दिसत होती. आणि तरीही सकाळपासून तिने दोनदा दूध नळाखाली सोडून दिलं होतं.

हे असं कसं झालं, ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. सुरुवात कुसाबाईंच्या एका रीतीपासून झाली. सून बाहेरून आली, की तिने लगेच पोराला छातीशी लावायचं नाही. पाय धुवायचे, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं, पहिले दोन-चार थेंब पिळून टाकायचे आणि मगच पाजायचं. उन्हातून आलेल्या, भांडून आलेल्या, घाबरून आलेल्या बाईचं दूध तापलेलं असतं. ते पोराला बाधतं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या तेजस्विनीला पहिल्यांदा ऐकून हसूच आलं होतं. "आई, दूध काय चुलीवर असतं का तापायला?" ती म्हणाली होती. त्यावर कुसाबाई म्हणाल्या, "हस. माझ्या तीन पोरांना काय पुस्तक वाचून पाजलं नाय मी."

मग कॉलेजातून सरांचा फोन आला. ती तासिका तत्त्वावर शिकवायची. पुढच्या सत्रात परत यायचं असेल तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी 'ताण आणि शरीर' या विषयावरचे तास तयार करून ठेवा, असं ते म्हणाले. तिला बरं वाटलं. डिंकाचे लाडू आणि धुतलेली लंगोटं यांच्या पलीकडे आपलं डोकं अजून चालतं, याचा पुरावाच मिळाल्यासारखा. रेवा झोपली की ती मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची.

विषय तसा गमतीचा निघाला. शंभरेक वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने क्ष-किरणांखाली मांजरीच्या पोटाची हालचाल पाहायला घेतली. मांजर शांत असलं की जठर छान लाटा मारत असायचं; ते चिडलं, घाबरलं, की जठर जागच्या जागी थांबायचं. भीती पोटात दिसते, हे असं कळलं. पुढे समजलं, की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अशा वेळी रक्तात रसायन सोडतात. छाती धडधडते, स्नायूंना रक्त मिळतं, पचन वगैरे कामं पुढे ढकलली जातात. त्यानंतर आला उंदीरवाला. तो उंदरांना कसले कसले अर्क टोचत होता. अर्क कुठलाही असो, त्या ग्रंथी फुगलेल्या आणि जठरात व्रण. मग त्याने उंदरांना थंडीत ठेवून पाहिलं, दमवून पाहिलं, तरी तेच. दुखणं कुठलंही असो, शरीराचं गाऱ्हाणं एकच. त्या गाऱ्हाण्यालाच तो पुढे ताण म्हणू लागला.

इथवर ती मुलांसाठी वाचत होती. मग तिला गाय भेटली.

प्रयोग करणाऱ्यांनी दूध काढताना गाईच्या पाठीवर चक्क मांजर बसवलं होतं आणि कागदी पिशव्या फुगवून तिच्या कानाशी फोडल्या होत्या. गाय बिथरली, दूध येईना. गाय पान्हा चोरते ही वणीच्या घरी रोजच्या बोलण्यातली गोष्ट. तिची अशी शोधनिबंधात गाठ पडली तेव्हा तेजस्विनी एकटीच मोठ्याने हसली. पण हसता हसता तिचा हात छातीकडे गेला. त्या दिवसापासून ती विद्यार्थ्यांसाठी वाचायची थांबली आणि स्वतःसाठी वाचायला लागली. शोधत शोधत ती नको त्या दारापाशी आलीच: ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, आईच्या दुधात उतरतं. ज्या आयांच्या दुधात ते जास्त, त्यांच्यातल्या काहींच्या मुली जास्त भित्र्या, जास्त रडव्या आढळल्या. निबंध लिहिणाऱ्यांनी खाली बारीक अक्षरात पुष्कळ पण-परंतु घातले होते. ते तिने वाचले नाहीत असं नाही. पण 'मुली' हा शब्द वाचल्यावर पुढची अक्षरं नुसती डोळ्यांखालून गेली.

म्हणजे सासूबाई बरोबरच होत्या! आणि त्या सांगतात ते दोन-चार थेंब पुरेसे कसे असतील? ताण काय वरच्या थेंबांत असतो का?

घड्याळ नवऱ्याने, योगेशने दिलं होतं, मुलगी झाली म्हणून. अंबडच्या कंपनीत सगळे सुपरवायझर आपापल्या बायकांना तसलं घेत होते. पावलं मोजतं, झोप मोजतं, ताणही मोजतं: निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी. तिने एका निबंधात वाचलं होतं, की ज्या उंदरांना विजेच्या झटक्याआधी इशारा मिळायचा, त्यांना व्रण कमी व्हायचे. न सांगता झटके बसलेल्यांना जास्त. तिला वाटलं, हे घड्याळ म्हणजे आपला इशारा. हिरवं असलं तर पाजायचं. नारिंगी असलं तर ते दूध टाकून द्यायचं, शांत व्हायचं आणि नंतरचं ताजं द्यायचं. इतकं सोपं.

सोपं एकाच अर्थाने झालं: घड्याळ हळूहळू दिवसभर नारिंगी राहायला लागलं.

कुणाला सांगायची सोय नव्हती. योगेश म्हणाला असता, "डॉक्टरला विचारलंस का?" आणि डॉक्टरला विचारावं तर एवढं शिकलेली बाई असं करते म्हणून त्या हसल्या असत्या. कुसाबाईंना सांगावं, तर... तो विचार ती पुरा करतच नसे. तिकडे वणीहून मम्मी रोज फोनवर विचारायची, "वजन का गं वाढेना? खायला नीट घालतात ना तुझ्या सासूबाई? आमच्याकडे होती तेव्हा कशी लोण्याचा गोळा होती पोरगी." फोन स्पीकरवर नसला तरी मम्मीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जायचा. कुसाबाई मग रात्री न बोलता तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायच्या आणि रेवावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकायच्या. सायखेड्याला फोन करून जावेला सांगताना तेजस्विनीने त्यांना ऐकलं होतं: "दूध कमी पडतंय गं तिला. काय करती बिचारी. आळिवाची खीर देती रोज, पर अंगी लागंना."

ते 'बिचारी' तिला शिवीपेक्षा जास्त लागलं होतं.

संध्याकाळी योगेशची दुसरी पाळी होती, म्हणून कुसाबाईच बरोबर निघाल्या. रिक्षात त्यांनी रेवाचं कुंचडं नीट करून डोळ्याखालचं काजळ बोटाने पुन्हा गालावर ओढलं. "आज काट्यानं चांगलं दाखवलं, तर सप्तशृंगीला खण-नारळ बोलली हाय मी," त्या म्हणाल्या. तेजस्विनीने मान हलवली. 

दवाखान्यात गर्दी होती. समोरच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर गुबगुबीत पोरगा बसला होता आणि आपलाच पाय तोंडात घालायची खटपट करत होता. कुसाबाईंनी विचारलंच, "किती म्हैन्याचा?"

"चार झाले मावशी."

"हां." कुसाबाईंनी रेवाला पदराखाली घेतलं. मग तेजस्विनीच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बघ. आन आपली बघ. मी काय कमी केलं का गं तुला? खरं सांग. इथं कोणी नाय आपलं ऐकायला."

"नाही आई. तुम्ही काही कमी नाही केलं."

"मग?"

तेवढ्यात आतून हाक आली.

साधना मॅडम मोजकं बोलणाऱ्या, चष्मा डोक्यावर चढवून बोलणाऱ्या. रेवाला त्यांनी कपड्यांसकट काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला, आलेख उघडला. नवा ठिपका देताना त्यांचं पेन क्षणभर अधांतरी राहिलं.

"वाढलं नाही," त्या म्हणाल्या. "पाजता किती वेळा?"

"मागेल तेव्हा," तेजस्विनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"दूध पुरेसं येतं?"

"न यायला काय धाड भरली हो?" कुसाबाई पुढे सरसावल्या. "सकाळी खीर, दुपारी शतावरी, बाजरीची भाकर, डिंकाचा लाडू... मी सोताच्या हातानं देती. यवढं एखाद्या म्हशीला घातलं असतं तर कॅन भरले असते."

मॅडम हसल्या. "मावशी, तुमचं नाही काही चुकलं. आपण पाहूनच घेऊ. ताई, मुलगी भुकेली दिसते. इथेच पाजा. आता वजन घेतलंय, पाजून झालं की याच कपड्यांत पुन्हा घेऊ. पोटात किती गेलं ते काटा सांगेल."

तेजस्विनीने मनगट पाहिलं. नारिंगी नव्हे, आज प्रथमच त्या वर्तुळाने तांबडा रंग घेतला होता. असा रंग त्यात असतो, हेही तिला माहीत नव्हतं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "जरा वेळाने. मी... मला जरा बसू दे."

"ती मूठ चोखतेय. भूक लागलीय तिला."

"पाच मिनिटं फक्त. मी शांत होते आणि मग..."

"अगं दे की!" कुसाबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंसमोर काय लाजायचं?"

रेवाने तोंड वाकडं केलं आणि तो घोगरा सूर लावला. पडद्यामागे खुर्ची होती. तेजस्विनी तिच्यावर बसली आणि बटणं काढू लागली. आपण आपल्या लेकीला जाणूनबुजून विष पाजायला निघालो आहोत, असं तिला अगदी शब्दांत वाटलं. रेवाने तोंड लावलं. ओढलं, सोडलं, रडली, पुन्हा ओढलं. काहीच येईना. कागदी पिशव्या फोडून बिथरवलेली ती गाय आणि आपण यात काही फरक उरला नाही, असं तेजस्विनीला वाटलं आणि डोळ्यांतून टपकन थेंब रेवाच्या कानावर पडला.

मग आपोआप, तिच्या परवानगीची वाट न पाहता, छातीत ती ओळखीची मुंग्यांची कळ उठली आणि पान्हा फुटला. रेवा एकदम थांबली, ठसकली आणि लगेच गटागट पिऊ लागली. पडद्याबाहेर बसलेल्या कुसाबाईंनाही ते घोट ऐकू गेले असावेत, कारण त्यांचं बोलणं मध्येच थांबलं.

पुन्हा काटा. मॅडमनी आकडा पाहिला, चष्मा डोळ्यांवर आणला आणि पुन्हा पाहिला.

"भरपूर प्यायली की," त्या म्हणाल्या. "या वयाच्या बाळाने एका वेळी प्यावं तेवढं. एवढं जर दिवसातून आठ-नऊ वेळा पोटात गेलं, तर वजन न वाढण्याचं कारणच नाही." त्यांनी तेजस्विनीकडे सरळ पाहिलं. "दूध आहे, मुलीला ओढता येतं, उलटी नाही, जुलाब नाहीत. मग हे दूध जातं कुठे?"

प्रश्न साधा होता. भिंतीवरचा पंखा कर्रर्र करत फिरत होता. कुसाबाईही तिच्याकडेच पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. नुसती काळजी होती. संशय असता तर तेजस्विनीने कदाचित तेव्हाही काहीतरी ठोकून दिलं असतं.

"मी टाकून देते," ती म्हणाली.

"काय?"

"दूध. बेसिनमध्ये. घड्याळ नारिंगी दाखवतं तेव्हा."

आणि मग ती थांबलीच नाही. उंदीर, गाय, कॉर्टिसॉल, मुली भित्र्या निघतात ते, सगळं भडाभडा, क्रम नसलेलं, मधूनमधून इंग्रजी. कुसाबाईंना त्यातलं काय कळलं असेल देव जाणे. पण 'बेसिनमध्ये' एवढं नक्की कळलं होतं. त्या उठल्या. पदर खांद्यावर ओढला. "मी भायेर बसती," एवढंच म्हणाल्या आणि दार लोटून गेल्या.

तेजस्विनीला वाटलं होतं, मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. "आधी ते घड्याळ काढून पर्समध्ये टाक," त्या एकेरीवर आल्या. "ते दुधातलं काही मोजत नाही. ते नाडी पाहतं, दोन ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतंय तेवढं. बाळंतिणीला झोप नसते, ती पोर उचलून फिरते, चहा पिते. रंग एवढ्यानेही बदलेल."

"पण कॉर्टिसॉल दुधात असतं हे खरं आहे ना?"

"असतं. सकाळी जास्त, रात्री कमी. माझ्या आईच्या दुधातही होतं, तुझ्याही. त्याच्यामुळे आपण सकाळी जागे होतो, रक्तात साखर राहते. ते विष नाही. दुधातून बाळाला नेमकं काय होतं, ते अजून शोधणाऱ्यांनाच धड माहीत नाही, आणि त्यांनी तसं लिहिलंही असेल. पण पोट रिकामं राहिलं तर काय होतं, ते आम्हाला चांगलं माहीत आहे. ते त्या आलेखावर आहे." त्या जरा थांबल्या. "तू वाचलंस ते खोटं नाही. पण अर्ध्यावर थांबलीस. या विषयात वर्षानुवर्षं बहुतेक नर उंदीरच घेतले, कारण मादीच्या ऋतुचक्राचा हिशेब ठेवायची कटकट नको. पाजणारी आई कुणी पाहिलीच नव्हती. पाहिली तेव्हा असं दिसलं, की पाजणाऱ्या बायकांचं शरीर ताणाला उलट कमी दाद देतं. पाजल्याने ताण उतरतो. तू काय करत होतीस? ताण उतरेपर्यंत पाजायचंच नाही!"

तेजस्विनी ऐकत होती. तिच्यातली प्राध्यापिका म्हणत होती, हे शोधून वाचायला हवं. तिच्यातली आई म्हणत होती, मग मी इतके दिवस काय केलं.

"आणि ती इशारा मिळणारी उंदरं?" मॅडम म्हणाल्या. "इशारा नसेल तेव्हा त्यांना निवांत बसता यायचं, म्हणून ती बरी राहायची. तुझा इशारा बंद होतच नव्हता. ॲडमिट नको आत्ता. भूक लागली की पाज, रंग-बिंग न बघता. सोमवारी वजनाला ये. आणि एक समुपदेशक बाई आहेत, बाळंतिणींशी बोलतात, त्यांचा नंबर देते. सोमवारपर्यंत एकदा भेट त्यांना. हे तुझ्यासाठी, मुलीसाठी नाही."

 घरी आल्यावर कुसाबाईंनी चपला काढल्या, पाय धुतले, देवाजवळ दिवा लावला. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रोज?"

"रोज नाही... हो. रोज."

"आन मी रोज खीर करती. सायखेड्याला जावेला सांगती, सुनेला दूध कमी हाय म्हणून. तुझी आई फोनवर मला नावं ठेवती, ती गिळती. आन तू नळाखाली ओतू राहिली!"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, तापलेलं दूध बाधतं म्हणून!"

"मी दोन थेंब म्हणली होती, दोन! पाणी पी, टेक, मग पाज म्हणली होती. सगळं वतून दे म्हणली होती का मी?"

"मग तुमचे दोन थेंब तरी कशाला? त्यात काय असतं? मला काय माहीत कुठे थांबायचं ते!" तेजस्विनीचा आवाज चढला. लग्नाला तीन वर्षं झाली, सासूपुढे तिचा आवाज असा कधी चढला नव्हता. "सगळे मला काय करू नको तेच सांगतात. घाबरू नको, रडू नको, रागावू नको, पोरीला बाधेल! मम्मी सांगते, तुम्ही सांगता, मोबाईल सांगतो. मग मी कधी पाजायचं? मेल्यावर?"

"शुभ बोल गं संध्याकाळची!"

"आणि आता डॉक्टर म्हणतात, कुणा बाईकडे जाऊन बोल."

"कशाला? येडी हाय का तू?"

"मला माहीत नाही! असेन!"

आवाजाने रेवा दचकून जागी झाली आणि रडू लागली. तेजस्विनीने तिला पाळण्यातून उचललं ते जवळजवळ ओढूनच. सोफ्यावर धपकन बसली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, कानशिलं तापली होती, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं.

कुसाबाईंनी हात पुढे केला. "आण तिला इकडं. आधी पाणी पी. अगं, अशा रागात..."

"रागातच पाजतेय," तेजस्विनी म्हणाली.

रेवाने तोंड लावलं. पहिल्यांदा काही येईना. पोरीने डोकं हलवून तक्रार केली. तेजस्विनीने तिला सोडलं नाही. काही मोजलंही नाही. भीती होतीच, तशीच्या तशी. उद्या ही भित्री निघाली तर, सोमवारी काटा हलला नाही तर, ती बाई मला काय काय विचारेल, योगेशला हे कसं सांगायचं. ते सगळं चालू असतानाच ती कळ आली आणि रेवा पिऊ लागली.

कुसाबाई उभ्याच होत्या. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला, तो कुठे ठेवावा ते न कळून पदराला पुसला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर 'मम्मी' आलं. तेजस्विनीचे दोन्ही हात गुंतलेले. तिने घाबरून सासूकडे पाहिलं. आता या सांगणार. आता वणीपर्यंत जाणार, तिथून सगळ्या गावात.

कुसाबाईंनी फोन उचलला.

"हां, विहीणबाई. आत्ताच आलो दवाखान्यातून... नाय, वजन नाय वाढलं." त्या थांबल्या. पलीकडून मम्मीचा आवाज चढत गेलेला तेजस्विनीला सोफ्यावर ऐकू येत होता. कुसाबाईंनी तो पुरता ऐकून घेतला. नजर मात्र रेवाच्या गालावर होती, घोटागणिक हलणाऱ्या.

"दूध चिकार हाय म्हणाल्या डॉक्टरीणबाई, काट्यावर मोजून दावलं," त्या म्हणाल्या. "पाजायच्या येळा चुकत व्हत्या, त्या बसवून दिल्या. आता वाढंल. आन तुमची लेक लय घाबरट हाय, तिला रोज रोज वजन इचारू नका. इचारायचं तर मला इचारा." पलीकडचं काहीतरी ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या. "नाय, आत्ता नाय बोलता येणार तिला. पाजू राहिली ती."